कोलोनोस्कोपी झाली, पण नीट झाली का?

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांच्या घरात मोठ्या आतड्याचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे.

या आनुवंशिक धोक्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लिंच सिंड्रोम. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं एखादं जनुक जन्मापासूनच बिघडलेलं असतं. आई किंवा वडिलांकडून ते प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, येण्याची शक्यता निम्मी. एरवी आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या वाढीचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात. लिंचमध्ये दोन-तीन वर्षांतही होऊ शकतो. म्हणून एमएलएच१ किंवा एमएसएच२ या जनुकांत दोष असेल, तर विशी-पंचविशीतच कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करत राहतात. “मला कसलाच त्रास नाही,” असं म्हणून तारीख पुढे ढकलू नका. त्रास सुरू व्हायच्या आत पॉलिप सापडावा, यासाठीच तर ही तपासणी असते.

तिचा उपयोग होतो का? फिनलंडमध्ये अशा २२ कुटुंबांतल्या २५२ जणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं. तीन-तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी निघालं. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला.

तरीही दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कॅन्सर झालेली माणसं असतात. त्याचं एक कारण म्हणजे नजरेतून सुटलेला पॉलिप. लिंचमधले पॉलिप बरेचदा आतड्याच्या उजव्या भागात असतात, आणि त्यातले काही अगदी चपटे, अस्तराला चिकटून बसलेले. त्यांच्यावर पिवळसर पाण्याचा पातळ थर जरी राहिला, तरी ते दिसत नाहीत. म्हणून जुलाबाचं औषध दोन भागांत घ्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार-सहा तास आधी. त्यासाठी पहाटे उठावं लागतं, औषधाची चवही नकोशी वाटते, मला कल्पना आहे. पण तो दुसरा भाग टाळू नका. उजवी बाजू साफ होते ती मुख्यतः त्यानंच.

डॉक्टरांना विचारायलाही संकोच करू नका. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत पोचली का? बाहेर काढताना निदान सहा ते आठ मिनिटं निरखून पाहिलं का? उजवी बाजू दुसऱ्यांदा बघितली का? आतडं किती साफ होतं, हे रिपोर्टात लिहिलंय का? साफ नसेल, तर वर्षभर वाट न बघता तपासणी लवकर पुन्हा करून घ्यावी.

आणखी एक. कॅन्सर झालेलं माणूस हयात नसलं, तरी त्याच्या गाठीचा जपून ठेवलेला नमुना तपासून लिंचचा अंदाज घेता येतो. तेव्हा काका, मावशी, आजोबा, कुणाला कितव्या वर्षी काय झालं, हे घरातल्या जाणत्यांना विचारा, लिहून काढा आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. तुमच्या जनुक-चाचणीत दोष निघाला, तर त्या रिपोर्टची प्रत सख्ख्या भावंडांना त्याच आठवड्यात पाठवा.