चोखोबा आत का नाही गेले?

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा, परात, कणीक)

सकाळची कणीक मळून झाली की तिच्यातला लिंबाएवढा गोळा आधी बाजूला निघतो. तो पोळीचा नाही, पखवाजाचा. नऊ वर्षांची थोरली त्याला पाण्याचं बोट लावते आणि पखवाजाच्या डाव्या पुडीवर मधोमध थापते. थाप मारून बघते. आवाज पातळ आला. आणखी थोडी कणीक. पुन्हा थाप. आता घुमला. सहा वर्षांचा भाऊ टाळ घेऊन कधीचा बसलाय, त्याला धीर नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. आठाचे दोन भाग, चार भाग कसे पडतात, हे त्याला पाटीवर कळायच्या आधी हातात कळलं.

हे घर वडाळ्यातलं, विठ्ठल मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुंबईकर या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात, आषाढीला इथे मुंगीला वाट मिळत नाही. घर माळकऱ्यांचं. आजोबा गिरणी कामगार. गिरणगावातल्या चाळीचाळींतून भजनी मंडळं होती, त्यातल्याच एका मंडळात आजोबांनी हा पखवाज वाजवला. नातवंडं शाळेत जात नाहीत. आई त्यांना घरीच शिकवते.

सकाळचा तास बाबांचा, कारण त्यांची दुपारची पाळी असते. मुलांना आंघोळ घालायची, गोपीचंदन लावायचं, हरिपाठ म्हणवून घ्यायचा. मग पाठ्यपुस्तकं. बालभारतीचीच, शेजारच्या मुलांची असतात तीच.

(दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा)

गणिताचा बराच भाग मात्र भिंतीवर आहे. थोरली दर एकादशीभोवती गोल काढते. 2026 साली तिला ज्येष्ठ महिना दोनदा दिसला. चैत्र ते फाल्गुन एकादश्या चोवीस असतात, मग यंदा सव्वीस कशा? आईने पुस्तक मिटलं. चंद्राचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याचं 365. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती साठत गेली की सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अख्खा महिना घालावा लागतो, तोच अधिक मास. वजाबाकी झाली, भागाकार झाला, आणि वरणाला फोडणी द्यायची राहिली.

‘दहावीचं काय?’ हा प्रश्न जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यात म्हटलंय. न घालणाऱ्याला शिक्षेची तरतूद मात्र नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा देता येतात, आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीची. आईने ही माहिती वहीत नीट लिहून ठेवली आहे. घरातल्यांनाही ती वही अनेकदा दाखवावी लागली.

धर्म घरी शिकवणाऱ्या आईवडिलांबद्दल एक शंका नेहमी घेतली जाते, की मुलांना एकच बाजू दिसेल. शंका रास्त आहे. म्हणून एका दुपारची गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

(दृश्य: पंढरपूरच्या महाद्वाराचं छायाचित्र, थोरलीच्या हातात)

पंढरपूरच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीसमोर चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळ्यांची समाधी आहे, हे थोरलीला माहीत होतं. त्या दिवशी तिने विचारलं, ‘आई, चोखोबा आत का नाही गेले?’

‘जाऊ देत नव्हते त्यांना.’

‘कोण?’

‘माणसंच. जातीवरून.’

‘मग विठोबा काही बोलला का नाही?’

गॅसवर साबुदाण्याची खिचडी होती. आईने गॅस बारीक केला आणि खाली बसली. ‘याचं उत्तर मला येत नाही,’ म्हणाली. मग जे येत होतं ते सांगितलं. चोखोबा 1338 साली गेले, मंगळवेढ्यात, वेशीची भिंत अंगावर कोसळून. आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडलं.

थोरलीने पाटी घेतली. सातातून आठ जात नाहीत, म्हणून शेजारच्या चाराकडून दहा उसने घेतले. उत्तर आलं 609. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. ‘एवढी वर्षं?’ आईने मान हलवली. गोड शेवट जोडला नाही, विषय बदलला नाही. भक्ती शिकवणाऱ्या घरात हा धडा झालाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं, आणि तो इथे झाला.

या सगळ्याचा भार आईवर आहे. हिशेबनिसाची नोकरी तिने सोडली. दोन वर्षांची धाकटी दुपारी झोपते, तेवढ्यात उद्याचं विज्ञान वाचून ठेवायचं, कपडे वाळत घालायचे, आणि जमलं तर पाठ टेकायची. अशा घरांबद्दल बोलताना लोक मुलांचं काय होईल ते विचारतात. या बाईचा दिवस कसा जातो, हेही विचारावं. बाबांची सुट्टी असते त्या दिवशी ते मुलांना दुपारी बागेत नेतात. तेवढे दोन तास तिचे.

संध्याकाळी शाळेतून आलेली पोरं जिन्यात जमली की दोघं त्यांच्यात पळतात. लगोरी, लपंडाव, भांडणं, सगळं होतं.

(दृश्य: दादर पूर्व, नायगाव, ग्रंथसंग्रहालयाचा दरवाजा)

शनिवारी मायलेकी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात निघाल्या आहेत. 1898 साली सुरू झालेली ही संस्था घरापासून फार लांब नाही. थोरलीने चिठ्ठीवर नावं लिहून घेतली आहेत: चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. तिला पडलेला प्रश्न चोखोबांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, आपल्या अभंगांतून थेट देवालाच विचारला होता. आईला ते ठाऊक आहे. तिने मुद्दाम सांगितलेलं नाही. पोरीला ते पान स्वतःच सापडू दे, म्हणते.