मँडीच्या दाताचे पैसे वजा करून

(जुन्या वर्तमानपत्राचा स्तंभ, जवळून)

ऑगस्ट १८६५. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून चार महिने झालेत. 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'नं एका माणसाचं पत्र छापलंय. जॉर्डन अँडरसन त्याचं नाव. जन्म गुलामीतला. १८६४ साली सुटकेचे कागद मिळाले, पुढे बायको मँडी आणि मुलांना घेऊन त्यानं ओहायो राज्यातलं डेटन गाठलं. आता महिना २५ डॉलर पगार, वर जेवण आणि कपडे. मुलं शाळेत जातात.

(टेनेसीतली शेतं)

हे दक्षिणेतलं टेनेसी राज्य. इथे कर्नल पी. एच. अँडरसनची शेती होती. जॉर्डन त्याचाच गुलाम. गुलाम गेले, अंगावर कर्ज राहिलं, शेतात राबायला माणूस मिळेना. तेव्हा कर्नलनं जॉर्डनलाच बोलावणं धाडलं: परत ये, दुसरं कुणी देणार नाही इतकं देईन.

जॉर्डननं उत्तर तोंडी सांगून लिहून घेतलं. छापलेलं पत्र ते हेच.

(आकडे एकेक करून पडद्यावर)

मी तुमच्याकडे ३२ वर्षं राबलो. मँडी २० वर्षं. माझे महिना २५ डॉलर धरा, तिचे आठवड्याला २. माझे झाले ९,६००. तिचे २,०८०. एकूण ११,६८० डॉलर. त्यावर इतक्या वर्षांचं व्याज. त्यातून आमचे कपडे वजा करा. माझ्यासाठी डॉक्टर तीनदा आला, तेही. मँडीचा एक दात काढला, त्याचेही. उरेल ते पाठवा, म्हणजे तुमचा शब्द खरा मानू.

नीट ऐका. यात कुठेही याचना नाही. मालकानं केलेला खर्च त्यानं पै-पैनं मान्य केलाय, दातापर्यंत. म्हणून त्याचं मागणं कुणाला खोडता येत नाही. मजुरी बुडवणाऱ्याला एक दिवस जाब द्यावाच लागेल, हेही त्यानं लिहिलंय. आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना.

पत्रात पुढे प्रश्न आहेत. माझ्या मुली आता मोठ्या झाल्यात, तिथे त्या सुरक्षित राहतील का? काळ्या मुलांसाठी शाळा निघाली आहे का? आणि शेवटी जॉर्ज कार्टर नावाच्या माणसाला नमस्कार: तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होतात, तेव्हा त्यानं तुमच्या हातून पिस्तूल काढून घेतलं, त्याचे आभार सांगा.

जॉर्डन परत गेला नाही. कर्नलनं जमीन विकली, दोनच वर्षांत तो वारला.

(डेटन, वुडलँड दफनभूमी)

जॉर्डन इथे आहे. शेजारीच मँडी.