रद्दी, समुद्र आणि मिकी मँटल

श्रोतेहो, नमस्कार.

१९६० साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात एक बार्ज, म्हणजे कचरा वाहणारी सपाट बोट, थांबला आणि त्यावरची खोकी पाण्यात ढकलली गेली. आत होती टॉप्स कंपनीची १९५२ सालची बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली, पोरांनी जमवायची कार्डं. त्या मालिकेचा शेवटचा भाग दुकानात पोचला तेव्हा हंगाम संपत आला होता, पोरं अमेरिकन फुटबॉलकडे वळली होती. पुढे जत्रेत सेंटला दहा दिली तरी कुणी घेईना. हे सगळं सांगितलं टॉप्समधल्याच साय बर्गर यांनी. ती कार्डं त्यांनीच घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रचली होती आणि बुडवायला गेले तेही तेच!

त्याच भागातलं मिकी मँटल या गाजलेल्या बेसबॉलपटूचं एक कार्ड, क्रमांक ३११, २०२२ साली लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

मी नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत नोकरीला होतो, तिथे हा नाद लागला. कार्ड पत्त्याच्या पानाएवढं, अडीच बाय साडेतीन इंच. पुढे फोटो, मागे बारीक टायपात दरवर्षीचे आकडे. क्रिकेटच्या स्कोअरबुकावर वाढलेला माणूस मी, मला मागचीच बाजू जास्त आवडायची. पाकिटं आणायची, गड्डी करायची आणि वर रबर लावून ठेवायचं. नेमकं तेच नडलं. रबराने कडांना खाचा पडल्या. एका दुकानदाराला दाखवायला नेली, तर तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, कोरी असती तरी काही आलं नसतं." कारण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जो तो कार्डं जपून ठेवू लागला होता आणि कंपन्या धडाधड छापत सुटल्या होत्या. पाकिटाच्या मेणकागदावरून त्या काळाला 'जंक वॅक्स', म्हणजे मेणकागदातली रद्दी, असं नावच पडलंय.

आता होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं बघा. १९०९ ते ११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून आलेल्या मालिकेतलं त्याचं कार्ड छापणं मध्येच थांबलं. आज साठेक शिल्लक असतील. पोरांनी त्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, असं म्हणतात. काहींच्या मते पैशांवरून बिनसलं. पहिलं कारण ऐकायला बरं वाटतं, पण गडी स्वतः तंबाखू चघळायचा!

हल्ली टंचाई कारखान्यातच तयार होते. पॉल स्कीन्स या बेसबॉलपटूने पदार्पणाच्या सामन्यात अंगावर घातलेल्या जर्सीवरचा बिल्ला एका कार्डात बसवला. असं कार्ड एकच. ते एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघालं आणि २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलरला विकलं गेलं. पोराचं नशीब थोर, पण मला त्यात बार्जची गंमत वाटत नाही.

माझ्याकडचं लाडकं कार्ड १९६९ चं आहे, दोन-चार डॉलरला घेतलेलं. वरच्या कोपऱ्यातल्या गोल टिकलीत नाव आहे ऑरेलिओ रॉड्रिगेझ, खाली संघाचं नाव एंजल्स. फोटो मात्र त्याचा नाहीच. संघाच्या बॅटी उचलणाऱ्या पोऱ्याचा आहे. टॉप्सला ओळखू आलं नाही आणि छापून मोकळे झाले. उलटं केलं की मागे सगळे आकडे रॉड्रिगेझचे.