आमचं, माझं आणि पुन्हा आमुचं

(दांडिया बाजार, सकाळ. जुन्या वाड्याचा जिना.)

आम्ही बडोदंच म्हणतो, वडोदरा फक्त रेल्वेच्या तिकिटावर. इथल्या मराठी घरात भाजीला शाक म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. मी गुजराती मिडियमची. मराठी वाचायला आजीने शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी म्हणाली की गुजराती अक्षर उघड्या डोक्याचं, वर रेघच नाही, मराठी अक्षराने मात्र डोक्यावर पदर घेतलेला असतो. पदराचं तिला बरोबर सुचलं, कारण ती स्वतः वाचायची ती दुपारी, सासरे झोपले की, आणि ते उठले की पुस्तक उशीखाली.

(मांडवीची सेंट्रल लायब्ररी. कॅमेरा खाली, जमिनीवर.)

ही जमीन बघा, काचेची आहे. लोखंडी रॅक आणि मधे काचेचे मजले, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. सयाजीराव महाराजांनी 1910 मधे बोर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेतून बोलावले, मग संस्थानभर वाचनालयं निघाली, पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यात जायची. त्याआधी 1906 मधे प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात सक्तीचं झालं होतं, मुलींनाही. म्हणजे बायकांना वाचता येईल याची सोय दरबाराने केली, वाचायला वेळ मिळेल याची मात्र कोणीच केली नाही, ती आजीसारख्यांनी आपली आपण केली.

आजीच्या कपाटातली बायकांची आत्मचरित्रं मी उलट्या क्रमाने वाचली, नव्याकडून जुन्याकडे. सुरुवात सुनीताबाईंच्या 'आहे मनोहर तरी'ने, 1990 चं. आमच्याकडे त्यावरून भांडण झालं होतं म्हणे, कारण आजोबा पुलंचे भक्त, आणि बायकोने नवऱ्याबद्दल इतकं स्पष्ट लिहावं हे त्यांना पचेना. आजी म्हणाली, तुम्ही पुस्तक वाचलंय का आधी? नव्हतं वाचलं.

मग मागे मागे जात रमाबाई रानड्यांपर्यंत आले. 1873 मधे लग्न, वय अकरा, नवरा बत्तिशीच्या घरात, तो शिकवतो आणि घरातल्या बायका त्या शिकण्यावरूनच छळतात. खरं सांगू, मला राग आला, बायकांचा नाही, रमाबाईंचाच, की अगं तू स्वतःबद्दल बोल ना, प्रत्येक पानावर न्यायमूर्ती नवरा कशाला. 1910 च्या त्या पुस्तकाचं नावच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. 'माझ्या' नाही. मग लीलाबाई पटवर्धनांचं 'आमची अकरा वर्षे' हाताला लागलं, त्यांचे नवरे कवी माधव जूलियन, जन्म आमच्या बडोद्याचाच, म्हणून आजीला त्या पुस्तकाचं जरा जास्तच कौतुक. तिथेही 'आमची'. त्या 'आमच्या'त बाईचा वाटा किती, हे मी पेन्सिलीने समासात लिहायला लागले, आणि बघते तर बऱ्याच ठिकाणी आजीच्या खुणा आधीच होत्या.

लक्ष्मीबाई टिळक मात्र त्यात बसतच नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला, बाई पाच वर्षं वेगळी राहिली, रडणं आहे, अपमान आहे, आणि तरी 'स्मृतिचित्रे' वाचताना मी बसमधे मोठ्याने हसलेय. सोवळ्यापायी बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेणारे वडील, त्यांच्यावर ती ज्या मायेने हसते तसं हसणं मला अजून जमत नाही. आनंदीबाई कर्व्यांनी 1944 मधे सरळ 'माझे पुराण' म्हटलं. विधवा, मग पुनर्विवाह, तोही थेट धोंडो केशव कर्व्यांशी, ज्यांनी बायकांच्या शिक्षणाच्या संस्थेसाठी घर कोरडं केलं, त्याचा हिशोब बाईने मांडायचा नाही तर कोणी.

पण मला खरं हलवलं ते बेबी कांबळेंनी, आणि हे पुस्तक आजीच्या कपाटात नव्हतं, हेही सांगायला हवं. फलटणला छोटं दुकान, पुडीच्या रद्दीवरचं वाचायचं, आणि लिहिलेलं कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलेलं. पुस्तक आलं 1986 मधे, 'जिणं आमुचं'. परत 'आमुचं'! पण या शब्दात आता नवरा-बायको नाहीत, अख्खा महारवाडा आहे, त्यातली उपाशी बाळंतीण आहे, मार खाणाऱ्या सुना आहेत. समासात वाटा मोजायची माझी पेन्सिल तिथे थांबली. आजीची पिढी लपून वाचायची आणि त्याच काळात ही बाई लपून लिहीत होती, आणि दोघींच्या लपण्यात किती फरक.

(स्वयंपाकघर. आईचे हात, मेथी.)

हे सगळं डोक्यात घेऊन मी आईला म्हटलं, तू बोल, मी मोबाइलवर रेकॉर्ड करते. चाळीस मिनिटं बोलली. बाबांची कंपनी, बाबांची बदली, बाबांचं ऑपरेशन. मी बंद केलं. मग मेथी निवडता निवडता म्हणाली, मला फाइन आर्ट्सला ॲडमिशन मिळाली होती, माहितेय? नव्हतं माहीत. चाळीस वर्षांचं घर, आणि मला माहीत नव्हतं.

हे व्हिडिओत घालू नकोस, म्हणाली. दोन दिवसांनी फोन आला, बरं, घाल, पण पसारा दिसेल असं शूट करू नकोस.