लाल रेघेवरची नावं

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

विषय आहे नि:पक्ष खटल्याचा हक्क. अमेरिकेत अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराच्या आरोपावरून चाललेल्या स्कॉट्सबरो खटल्यापासून निघून आपल्या संविधानाच्या 22व्या कलमापर्यंत यायचं मी संयोजकांना कबूल केलंय. येतोच, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. स्कॉट्सबरोची हकीकत जिथे जिथे सांगतात, तिथे ती दोन बायकांच्या खोट्या साक्षीची हकीकत म्हणून सांगतात. साक्ष खोटी होतीच. त्यातल्या एकीने, रूबी बेट्सने, 1933 साली भर कोर्टात सांगितलं की बलात्कार वगैरे काही झालेलाच नाही. तरीही ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा नागरिकांनी, हेवूड पॅटरसन या आरोपीला दोषी धरलं आणि मृत्युदंड दिला! फिर्यादीचं खोटं उघडं पडूनसुद्धा निकाल तसूभर हलत नसेल, तर खोट साक्षीपलीकडे शोधायला नको का? मला ती जॅक्सन परगण्याच्या कचेरीतल्या एका वहीत सापडते, आणि त्या वहीबद्दल कोणी बोलत नाही.

घटना तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भराभर सांगतो. 25 मार्च 1931. मालगाडीतून फुकट प्रवास करणारी, कामधंदा शोधत निघालेली पोरं. गोऱ्या आणि काळ्या पोरांची गाडीत मारामारी झाली. पेंट रॉक स्टेशनावर जमावाने गाडी अडवून नऊ कृष्णवर्णीय मुलं उतरवली. त्यातली कित्येक एकमेकांना ओळखतही नव्हती, सगळ्यात लहान जेमतेम बारा-तेरा वर्षांचं. त्या दोन बायकांवर बलात्काराचा आरोप. बाराव्या दिवशी खटला उभा राहिला, बाहेर हजारोंचा जमाव आणि बंदोबस्ताला लष्कर. चार दिवसांत नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड. ज्युरीतले बाराच्या बारा गोरे.

आता ती वही. अलाबामात प्रत्येक परगण्याचं एक ज्युरी मंडळ असे. कोणाला ज्युरीवर बोलवायचं याची यादी ते ठेवायचं. कायद्यात काळा-गोरा असा शब्दही नव्हता. 21 ते 65 वयाचा, प्रामाणिक, सुज्ञ आणि चारित्र्यवान म्हणून ख्याती असलेला पुरुष, एवढीच अट. जॅक्सन परगण्यात 21 वर्षांवरचे 8,801 पुरुष होते, त्यांतले 666 कृष्णवर्णीय. पण पिढीभरात एकही कृष्णवर्णीय ज्युरीवर बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पहिल्या शिक्षा रद्द होऊन पुढे खटला पुन्हा ज्या मॉर्गन परगण्यात चालला, तिथल्या मंडळाच्या सदस्याने तर शपथेवर सांगितलं की या अटीत बसणारा एकही कृष्णवर्णीय मला माहीत नाही. बचाव पक्षाने त्याच परगण्यातल्या सुमारे दोनशे लायक माणसांची नावं कोर्टापुढे ठेवली.

बचावाला न्यूयॉर्कहून सॅम्युअल लीबोवित्झ आले होते, तिथले गाजलेले फौजदारी वकील. त्यांनी ती वहीच कोर्टात मागवली. वही आली, आणि काय चमत्कार, तिच्यात चक्क सहा कृष्णवर्णीयांची नावं! आता मंडळात नवे सदस्य आले तेव्हा जुनी यादी कुठे संपते ते कळावं म्हणून कारकुनाने लाल रेघा मारल्या होत्या. हस्ताक्षर-तज्ज्ञाने नावं तपासली. शाई लाल रेघेच्या वर होती. रेघ आधी मारलेली, नाव मागाहून तिच्यावर लिहिलेलं. आपल्याकडे सातबाऱ्यावर रातोरात एखादं नाव चढतं ना, अगदी तसं. हसू नका, या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तलाठ्याकडे हेलपाटे घातलेले आहेत!

हा कागद 1935च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात पोचला. सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी लीबोवित्झना विचारलं, हा बनावटपणा सिद्ध करू शकाल? त्यांनी वही बरोबरच आणली होती. मग ती वही आणि एक भिंग न्यायाधीशांच्या हातातून फिरलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश वाकून एका परगण्याच्या कारकुनाची शाई बघताहेत! कायद्याच्या इतिहासात मला याहून मोठं दृश्य आठवत नाही. 1 एप्रिल 1935ला निकाल आला, नॉरिस विरुद्ध अलाबामा: कृष्णवर्णीयांना ज्युरीच्या यादीतून पद्धतशीर वगळलं, म्हणून शिक्षा रद्द.

इथे मला आपल्या घरचं आठवल्याशिवाय राहत नाही. टिळकांचा 1908चा खटला आपल्याला शाळेपासून पाठ आहे. कोर्टाच्या भिंतीवर कोरलेले त्यांचे शेवटचे उद्गारही. पण ज्युरी किती जणांना आठवते? सरकारने खास ज्युरी मागितली, टिळकांच्या बाजूने विरोध झाला, न्यायमूर्ती दावर यांनी ती दिली. सात युरोपियन, दोन पारशी. खटला केसरीतल्या मराठी लेखांवरचा आणि ठरवणाऱ्या सातांना मराठी वाचता येत नव्हतं. निकाल सात विरुद्ध दोन. 1897च्या खटल्यातही सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते, आणि निकाल सहा विरुद्ध तीन. त्याच काळात गोऱ्या आरोपीला काय हक्क होता ऐका. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलावरून गोऱ्यांनी देशभर गदारोळ केला, आणि 1884मध्ये सरकारने त्यांना ज्युरीत निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क दिला. ज्युरीवर कोण बसतं यावर निकाल ठरतो, हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो स्वत:साठी इतका भांडला. मला याचा आजही संताप येतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पाच. मग पॅटरसनच्या 1933च्या खटल्याचे न्यायाधीश हॉर्टन यांच्याबद्दल एवढंच सांगतो, की ज्युरीचा तो निर्णय त्यांनी स्वत: रद्द केला आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीत त्यांचं न्यायाधीशपद गेलं. गोऱ्या दक्षिणेत एका माणसाने हे केलं, त्यांचं नाव लक्षात ठेवा.

तर अमेरिकेत ज्युरीचं पुढे काय झालं? यादीची दारं उघडली तेव्हा सरकारी वकिलाने दुसरं दार बंद केलं. कारण न सांगता काही जणांना नाकारायचा त्याला अधिकार होता. 1936मध्ये हेवूड पॅटरसनवर पुन्हा खटला चालला, तेव्हा बोलावलेल्यांत कृष्णवर्णीय होते, पण ज्युरीत एकही बसला नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1986च्या बॅटसन निकालाने वर्णावरून असं नाकारायला बंदी केली. मग कारणं बनवायला सुरुवात झाली. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला, सरकारी वकील तोच. सहा खटल्यांत मिळून नाकारता येण्याजोग्या 42 कृष्णवर्णीयांपैकी 41 जणांना त्याने नाकारलं. सहाव्या खटल्यात नाकारलेल्या पाच कृष्णवर्णीयांना 145 प्रश्न, आणि ज्युरीवर बसलेल्या अकरा गोऱ्यांना सगळे मिळून 12! 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, 2020मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर माणूस वीसहून जास्त वर्षं तुरुंगात होता.

आपल्याकडे ज्युरी गेली, म्हणून आपण सुटलो असं कृपया मानू नका. आपल्या तुरुंगांत कच्च्या कैद्यांमध्ये दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न असतो वकिलाचा, आणि तिथे स्कॉट्सबरो थेट आपल्या दारात येतं. पहिल्या खटल्यात, सुरू व्हायच्या सकाळपर्यंत त्या मुलांचा वकील नक्की कोण हे ठरलेलं नव्हतं. त्यावरून 1932 साली पॉवेल विरुद्ध अलाबामा हा निकाल आला, की प्राणांशी गाठ असताना नावापुरता वकील म्हणजे वकील नव्हे. आपल्या 22व्या कलमात आवडीच्या वकिलाचा हक्क आहे. ऐपत नसलेल्याला सरकारने वकील दिलाच पाहिजे, हे 1978मध्ये हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने सांगितलं. आणि कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने केला, नेमलेल्या वकील बाईंच्या घरावर जमाव गेला, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं. असे ठराव बेकायदा आहेत असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात बजावलं, तेव्हा आधाराला पॉवेलचा निकालही घेतला होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि समोर वकील मंडळी बसली आहेत तर त्यांच्याकडेच करतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून ज्या आरोपीला वकील मिळतो, त्याला तो वकील प्रत्यक्ष पहिल्यांदा कधी भेटला, त्याची तारीख प्रत्येक खटल्याच्या कागदांत लिहिली जावी, आणि जिल्ह्याजिल्ह्याची ही माहिती दर वर्षी जाहीर व्हावी. अटकेची तारीख असते, आरोपपत्राची असते, मग या भेटीचीच का नसावी? पुढच्या महिन्यात आपल्या जिल्ह्याच्या बार असोसिएशनची बैठक आहे. त्यात हा ठराव कोण मांडणार, ते मला आज इथेच सांगा.