चेकलिस्टवर 'ओके' टाकण्याआधी

नमस्कार मंडळी. आज बाहेरून माल मागवणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांशी बोलायचंय, म्हणजे भोसरी-चाकणचे वर्कशॉपवाले, क्रॉफर्ड मार्केटला खेळणी विकणारे. कंटेनर न्हावाशेवाला लागायचा असतो, रात्री दहाला सीएचएचा, म्हणजे आपल्या कस्टम्स एजंटचा, व्हॉट्सॲप येतो, सोबत चेकलिस्टची, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या तपशिलाच्या मसुद्याची पीडीएफ, आणि आपण जेवता जेवता ती न उघडताच 'ओके' टाकतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं.

अहो, त्या ओकेवर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा तपशील कस्टम्सला देणारा फॉर्म, फाइल होतं! 2011 पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा नंबर) कुठला, किंमत किती, ड्युटी किती हे आधी इम्पोर्टरनेच सांगायचं, अधिकारी नंतर तपासणार. सीएचए भरून देतो, पण आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर) तुमचा, त्यामुळे नोटीस आधी तुमच्या दारात येते.

आमचंच सांगते. चीनमधून प्लास्टिकचे पार्ट मागवले, पार्टचे पैसे इनव्हॉइसवर, आणि मोल्डचे (साच्याचे) पैसे सप्लायरला वेगळे टीटीने, म्हणजे थेट बँकेतून, पाठवले, मोल्ड तिकडेच राहिला म्हणून आम्ही तो धरलाच नाही. पण 2007 च्या व्हॅल्युएशन रूल्सप्रमाणे तो खर्च मालाच्या किमतीत मिळवावा लागतो. ऑडिटला आलेल्या कस्टम्सच्या साहेबांनी लेजरमधल्या त्या एका एन्ट्रीवर बोट ठेवलं, हे कसले पैसे? फरकाची ड्युटी भरली, वर 15 टक्के व्याज. साधी चूक असेल तर 2 वर्षं मागे जातात, मुद्दाम लपवलं असं ठरलं तर 5, आणि ड्युटीइतकाच दंड. म्हणून बँकेची कागदपत्रंसुद्धा 5 वर्षं जपून ठेवा.

खेळणीवाल्यांनो, 1 जानेवारी 2021 पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मार्क सक्तीचा आहे आणि लायसन तिकडच्या फॅक्टरीच्या नावावर लागतं, तेव्हा ॲडव्हान्स पाठवायच्या आधी विचारा, माल पोर्टवर अडकल्यावर नाही. बिल ऑफ एन्ट्रीही जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत फाइल झालं पाहिजे, नाहीतर पहिले तीन दिवस रोजचे 5000 रुपये लेट फी, पुढे रोजचे 10000.

आणि जुन्या फायलीत चूक सापडली तर घाबरून गप्प बसू नका. माल सुटल्यावरही आपणहून एन्ट्री दुरुस्त करून फरक भरायची सोय 2025 मध्ये कायद्यात आलीये. ऑडिटचं पत्र हातात पडलं की मात्र ती मिळत नाही, तेव्हा उद्या सकाळीच सीएचएला फोन लावा.