बार्शी लाईटच्या भिंती आणि कॅमेरा

(दृश्य: कुर्डुवाडीबाहेरचा जुना भराव. दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ.)

बाभळीतून वर आलेला हा मातीचा भराव नॅरोगेजचा आहे, हे रूळ नसतानाही ओळखता येतं. माथा अरुंद, मोऱ्या बुटक्या, वळणं आखूड. ही बार्शी लाईट रेल्वे. इथे दोन रुळांमधलं अंतर होतं २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजच्या ब्रॉडगेजचं आहे १६७६.

(दृश्य: मोरीची दगडी कमान, जवळून.)

१८५९ मध्ये जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, बार्शी रोडपर्यंत पोचली. बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. पुढच्याच वर्षी गाडी सोलापुरात आली. बार्शीची पेठ मात्र मुख्य मार्गापासून २१ मैल आत राहिली. कापूस आणि गळिताचं धान्य बैलगाड्यांनी स्टेशनला न्यावं लागे. जी.आय.पी.मध्ये काम केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं इथे हलकी रेल्वे आखली. कंपनी १८९५ ची, पहिली गाडी १८९७ ची. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे सुरुवातीचे रूळ यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे चालले. रूळ हलका, म्हणून पूल हलका, म्हणून खर्च कमी. १९०६ मध्ये ही लाईन पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला.

गेज बदलताना जुन्या इमारती बाजूला पडल्या आणि बऱ्याच पाडल्या गेल्या.

(दृश्य: पडक्या इमारतीची लांब भिंत. ट्रायपॉड लावणारे हात.)

अशा वास्तूचे फोटो दोन प्रकारे निघतात. एकात संध्याकाळचा सोनेरी उजेड असतो, कोळीष्टकं असतात, आणि इमारत कशी उभी होती याचा पत्ता लागत नाही. दुसरा फोटो बघून गवंडी भिंत पुन्हा बांधू शकतो. आज गरज या दुसऱ्या फोटोची आहे.

त्यासाठी पहिलं साधन पाणसळ. कॅमेऱ्यातली असो वा ट्रायपॉडवरची, बुडबुडा मधोमध पाहिजे. छत चौकटीत बसत नाही म्हणून कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात. मग भिंत खरंच कललीय की फोटोत कललीय, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. उपाय एकच, मागं सरकायचं. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि आडवा असेल, तर आठ मीटर उंच भिंतीसाठी साधारण १३ मीटर मागं जावं लागतं. कॅमेरा उभा धरला तर नऊ मीटर पुरतात. तेवढी जागा नसेल तर शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा सरळ ठेवून चौकट वर सरकवणारी लेन्स लावा, नाहीतर भिंत तुकड्यातुकड्यांत टिपा. दोन तुकड्यांत एक तृतीयांश भाग सामाईक असू द्या.

(दृश्य: भिंतीला टेकवलेला लाल-पांढरा रेंजिंग रॉड.)

हा सर्वेक्षणवाल्यांचा रेंजिंग रॉड. प्रत्येक पट्टा २० सेंटिमीटरचा. तो भिंतीला चिकटून आणि ओळंब्यात उभा पाहिजे. हातभर पुढे ठेवला तर माप चुकतं, कारण जवळची वस्तू मोठी दिसते. रॉड घालून एक फोटो, काढून एक.

(दृश्य: तीच भिंत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी.)

कुर्डुवाडीहून बार्शीकडे लाईन साधारण पूर्वेला जाते, त्यामुळे रुळाकडेच्या इमारतींची एक लांब भिंत बहुधा उत्तरेकडे असते. हिवाळ्यात तिच्यावर ऊन पडतच नाही. तेव्हा पातळ ढगांचा दिवस निवडायचा आणि आकाश चौकटीत कमीत कमी घ्यायचं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य सोलापूरच्या माथ्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. सकाळी सात-साडेसातला आणि संध्याकाळी उतरत्या उन्हात या भिंतीवर तिरपा उजेड येतो. दगडावरचे छिन्नीचे घाव, निखळलेल्या दरजा आणि चुन्याचे पोपडे त्या तासाभरात उठून दिसतात. लांब लेन्सनं रुळाच्या दिशेनं फोटो घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात तोही सकाळीच. दहानंतर तापलेल्या खडीवरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी कडा तुटक येतात.

(दृश्य: कुंपणात गाडलेला गंजका रूळ. ब्रशचे फटकारे. हळूहळू अक्षरं दिसतात.)

हा जुना रूळ आता कुंपणाचा खांब आहे. रुळाच्या उभ्या पट्टीवर, म्हणजे माथा आणि तळ यांच्या मधल्या भागावर, कारखान्याचं नाव, वजन आणि वर्ष अशी उठावाची अक्षरं असतात. लोखंड लाल असतानाच ती रोलरनं दाबलेली. कोरड्या, मऊ ब्रशनं धूळ झटका. तारेचा ब्रश, रॉकेल, खडू यातलं काही नको. तारेनं उठाव झिजतो, खडूनं पुढच्या माणसाचा फोटो बिघडतो. कॅमेरा पट्टीला काटकोनात ठेवा आणि टॉर्च बाजूनं, पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांवर धरा. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं गंजात विरून जातात. टॉर्च एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. ३ आणि ८ मधला घोळ या दोन फोटोंतच सुटतो. वर्ष वाचलं तरी त्यावरून इमारत त्याच वर्षाची ठरवू नका. रूळ दुसरीकडून काढून इथे लावलेला असतो. टाटांचे रूळ १९१२ नंतरचे, एवढं मात्र धरून चालता येतं.

(दृश्य: आतली खोली. अंधार, आणि खिडकीतून येणारा झगझगीत पट्टा.)

आत शिरण्याआधी काठी आपटा आणि मिनिटभर थांबा. दगडांच्या फटीत घोणस असते. वर कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटीला, किंवा पाण्याच्या टाकीच्या तळाला आग्या मोहोळ आहे का ते बाहेरूनच पाहायचं. असेल तर त्या दिवशी आत जायचं नाही. वटवाघळांची विष्ठा पडलेली असेल तर एन-९५ मास्क लावा. लाकडी पाटणावर पाय देऊ नका. तुळईची टोकं भिंतीत गेलेली असतात, ओल तिथेच मुरते आणि मधली तुळई ठणठणीत दिसत असताना टोक भुसभुशीत झालेलं असतं.

खोली आणि खिडकी यांच्या उजेडातला फरक एका फोटोत मावत नाही. लेन्सचं छिद्र एफ-८ वर, आयएसओ १०० वर, व्हाइट बॅलन्स पक्का करून फक्त शटर बदला. दोन-दोन स्टॉपच्या फरकानं, म्हणजे दर वेळी उजेड चौपट करत, पाच फोटो. अंधारातला फोटो दहा-वीस सेकंदांचा होतो, म्हणून ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही आणि बटण टायमरवर. शेजारून मालगाडी गेली की जमीन थरथरते. ती पूर्ण जाऊ द्या.

(दृश्य: सोलापूर शहर. गिरणीचं धुराडं.)

रेल्वे आली म्हणून सोलापुरात १८७० च्या दशकात गिरणी आली. गिरण्या बंद पडल्या. धुराड्याचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये सरळ करताना एक चूक हमखास होते. धुराडं मुळातच वर निमुळतं बांधतात, आणि त्याच्या दोन्ही कडा समांतर केल्या की ते बांधलेलं धुराडं राहत नाही. जवळच्या इमारतीचा उभा कोपरा प्रमाण धरा.

(दृश्य: उजनीचं ओसरलेलं पाणी. डिकसळचा दगडी पूल.)

भीमेवरचा हा जुना रेल्वेपूल. उजनी धरण झालं, लाईन हलली आणि पूल रस्त्याच्या कामी आला. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी टिपायला कॅमेऱ्यांची रांग लागते, सगळ्यांची पाठ पुलाकडे. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की खांबांवर पाण्याच्या रेघा एकाखाली एक दिसतात. रॉडसकट टिपायच्या त्या याच दिवसांत, काठावरून.

(दृश्य: चालू फलाट. पिवळी पाटी.)

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोलापूर विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात जागा, तारीख आणि उपकरणं लिहा.

(दृश्य: अर्धी पाडलेली भिंत.)

पाडकाम सुरू झाल्याचं कळलं तर त्याच दिवशी पोचा. कौलं उतरली की कैचीचे सांधे उघडे पडतात. खिळा आहे, बोल्ट आहे की नुसती खाच, ते तेव्हाच दिसतं. भिंत अर्धी पडली की तिचा छेद दिसतो. दोन्ही तोंडांना घडीव दगड, मध्ये चुना आणि दगडाच्या कपच्या, आणि दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे लांब दगड किती अंतरावर आहेत ते. त्या छेदाला रॉड लावून समोरून फोटो घ्यायचा, मग जोत्याचा, मग पायाच्या खड्ड्याचा, काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते दिसेल असा. ठेकेदाराला विचारून, जेसीबी थांबलेला असताना. आणि फाईलच्या नावात तारीख, गाव आणि कॅमेऱ्याची दिशा त्याच रात्री घालायची.